वेताळाच्या वाहणा

"पाय केवढा?" गुणाजीनं विचारलं,
कानामागची पेन्सिल काढत.
मी पंचायतीत घरपट्टीच्या पावत्या फाडणारी बाई,
आकड्यांपाशी सहसा अडत नाही.
पण देवाच्या पायाचा नंबर मला माहीत नव्हता.
"बारा धरतो," तो म्हणाला. "गेल्या साली एकांना बाराच केल्या.
देवाचा पाय काही वाढत नाही."
आणि कातड्यावर रेघ ओढली.

आईची आंगवण होती ती.
मी नऊ वर्षांची असताना बोललेली:
ह्या पोरीला काळोखात एकटी जाऊ दे,
तुला वाहणांचा जोड घालीन.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
मला फक्त माहीत होतं की रात्री न्हाणीत जाताना
मागच्या दारात कुणीतरी खोकत उभं राहावं लागतं.
खोकणं थांबलं की मी हाक मारायची.

तिन्हीसांजेनंतर केर काढायचा नाही.
बाजारातून मासळी आणली तर पिशवीत कोळसा.
शिवेवरच्या सातविणीखाली मागे वळायचं नाही.
हे सगळं मी पाढ्यांसारखं पाठ केलं,
आणि पाढ्यांसारखंच
का, ते विचारलं नाही.

एकेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले.
चर्चच्या मैदानात, भर दुपारी,
मागे कुन्सेसांव, माझे दोन्ही खांदे आवळून.
"ब्रेक, बाये, ब्रेक! देवाचं नाव मागाहून!"
दोनदा कुंपणात गेले.
तिनं गुडघ्याला खोबरेल लावलं
आणि मला शिव्या.

मग बांबोळीहून फोन आला, रात्री पावणेदहाला.
भाऊ दुबईत.
रिक्षावाला जत्रेत, कुन्सेसांव माहेरी मडगावला.
सातविणीपाशी आले तेव्हा
हेडलाईट थरथरत होता की हात, कळलं नाही.
लहानपणी शिकवलेलं तेवढंच तोंडात आलं, मोठ्यानं:
"वतां रे, वाट दी."
उत्तर आलं नाही.
वाट मात्र होती,
दोन्ही बाजूंना खाजनाचं पाणी, मधोमध डांबर.

चोडणच्या फेरीबोटीत मी एकटीच बाई.
इंजिनाचा धूर, काळी मांडवी,
पलीकडे रायबंदरचे दिवे, जवळ यायला तयार नसलेले.
फेरीवाल्यानं माझ्याकडे एकदा बघितलं
आणि फळी इतर दिवसांपेक्षा हळू सोडली.
असं मला वाटलं.

"कोणाबरोबर आलीस?"
"एकटी."
आई हसली,
नाकात नळी असताना हसता येतं तेवढं.
"म्हणजे फळली गो.
वाहणा घालायच्या राहिल्यात. विसरू नको."
चौथ्या दिवशी ती गेली.

बरेच दिवस मी देवाशी बोलले नाही.
बत्तीस वर्षं थांबलास
आणि हीच रात्र मिळाली तुला?
पण देणं ते देणं.
थकबाकी माणसाला कशी पोखरते
हे मी रोज काउंटरच्या ह्या बाजूनं बघते.
गुणाजीचे पैसे चुकते केले,
वाहणा वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवल्या.
तो दगडी, उघडा, डोळे वटारलेला.
रात्रभर गाव राखत हिंडतो म्हणतात,
म्हणून त्याच्या वाहणा झिजतात.
मी त्या पायांशी ठेवल्या, नीट, जोडीनं,
पाहुण्याच्या ठेवतात तशा.

वर्षानं परत गेले.
पाऊस, वाळवी, उंदीर, कारणं पुष्कळ असतात,
त्यातली सगळी मी मनात मोजली.
तरी एक उचलून उलटी केलीच.
टाच झिजली होती. डावी, जास्त.
माझीही डावीच झिजते,
स्कूटर थांबवताना तोच पाय टेकतो.
ह्यावर मी फार विचार केला नाही.
होती तशी ठेवली, हात पुसले.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते.
ओसरीवर सातविणीची फुलं, वाऱ्यानं आणलेली, पायाखाली चुरडलेली.
मी झाडू घेतला आणि केर काढला.
सगळा, उंबऱ्यापर्यंत.
मग तो सुपलीत भरून कोपऱ्यात ठेवला,
बाहेर सकाळी टाकला.